अंटार्क्टिकाच्या क्रूझआधी आणि क्रूझनंतर: शहरातले मुक्काम कसे आखावेत

अंटार्क्टिकाची क्रूझ ठरवताना लोक महिनोन्‌महिने जहाजांची तुलना करत बसतात. केबिनला खिडकी की बाल्कनी, प्रवासी शंभर की दोनशे, कयाकिंग मिळणार का. जहाजाआधीच्या आणि नंतरच्या हॉटेलांचं मात्र "बघू नंतर" म्हणून राहून जातं. आणि एवढ्या महागड्या सहलीचा विचका होतो तो बहुतेक वेळा इथेच: विमान उशिरा आलं, बॅग मागे राहिली, आणि जहाज सुटलं.

बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया या गावातून निघतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. उशुआयाला पोहोचायचं म्हणजे बहुधा राजधानी ब्युनोस आयर्सवरून जायचं. म्हणजे मुक्कामाची शहरं दोन, आणि प्रश्न एवढाच की कुठल्या रात्री कुठे घालायच्या. माझं उत्तर ठरलेलं आहे: जहाजाआधीच्या रात्री उशुआयात, जहाजानंतरच्या ब्युनोस आयर्सला. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. राजधानी आधी बघून घेतात आणि जहाजाच्या दिवशी सकाळच्या विमानाने उशुआयाला उतरतात. त्या विमानाला वाऱ्याने किंवा विमान कर्मचाऱ्यांच्या संपाने थोपवलं, की पुढे काही उपाय उरत नाही. अर्जेंटिनात संप ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

1. तारखा उलट्या मोजा

कॅलेंडर समोर घ्या आणि जहाज सुटण्याच्या दिवसापासून मागे या. मुंबईहून ब्युनोस आयर्सला थेट विमान नाही. दोहा-साव पावलो, दुबई-रिओ, अदिस अबाबा-साव पावलो असे मार्ग आहेत, आणि घरातून निघून हॉटेलवर पोहोचेपर्यंत सव्वा-दीड दिवस सहज जातो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे.

जहाज शनिवारी असेल तर मुंबई मंगळवारी रात्री, फार तर बुधवारी पहाटे सोडा. बुधवारची रात्र ब्युनोस आयर्सला. गुरुवारी साडेतीन तासांचं विमान धरून उशुआया, आणि गुरुवार-शुक्रवार दोन्ही रात्री तिथेच. एक रात्र पुरेल असं सांगणारे भेटतील. युरोपातून येणाऱ्याला कदाचित पुरेल; पण आपण दोन-तीन विमानं बदलून येतो, आणि मागे राहिलेली बॅग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हाती येते.

सगळं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली तर साव पावलोला सामान घेऊन बाहेर यावं लागतं, आणि मग ब्राझीलचाही व्हिसा लागतो. दोन-चार हजार वाचवायच्या नादात हा उपद्व्याप करू नका.

एक अपवाद. काही कंपन्या ब्युनोस आयर्सहून उशुआयाचं खास विमान पॅकेजमध्येच देतात. तसं असेल तर दोन रात्री ब्युनोस आयर्सला घाला. ते विमान रखडलं तर प्रवाशांना जहाजापर्यंत नेण्याची काळजी कंपनीची. म्हणून पॅकेजमधला "पहिला दिवस" म्हणजे जहाजावर चढण्याचा दिवस, की त्याआधीच्या हॉटेलचा, हे आधी नीट वाचा. दोन्ही प्रकार असतात.

2. कागदपत्रं

जहाज अंटार्क्टिकाला जातं म्हणजे तुम्ही अर्जेंटिनातून बाहेर पडता आणि परत येता. त्यामुळे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना काही सवलती आहेत, पण हे नियम बदलत राहतात. मुंबईत अर्जेंटिनाचं कॉन्सुलेट आहे, तिथूनच खात्री करून घ्या. जहाज फॉकलंड बेटांना जाणार असेल तर त्याचा व्हिसा वेगळा.

दुसरा कागद पीतज्वराच्या लशीचा, आणि हा हमखास विसरला जातो. अर्जेंटिना, ब्राझील आणि इथिओपिया हे तिन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून परतताना ते पिवळं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथे नंबर लावावा लागतो, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. या क्रूझला जाणारे बरेचसे निवृत्तच असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

3. ब्युनोस आयर्सची पहिली रात्र: झोपा, बाकी काही नको

या शहराला दोन विमानतळ आहेत. परदेशातून येणारी विमानं एसेइसाला उतरतात. ते शहराबाहेर तीसेक किलोमीटरवर. उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या, नदीकाठच्या आएरोपार्केवरून उडतात. एसेइसाला उतरून त्याच दिवशी आएरोपार्केहून पुढचं विमान पकडायचं, हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात इमिग्रेशनची रांग, सामान आणि वाहतूक धरून पाच तासही कमी पडतात. रात्र काढा. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा, कारण उशुआयाची काही विमानं एसेइसावरूनही जातात.

हॉटेल रेकोलेता किंवा पालेर्मो भागात बघा, आणि जाताना-येताना एकच ठेवा. यामागे कारण आहे. ब्युनोस आयर्सला डिसेंबर-जानेवारीत तीस अंशांचा उन्हाळा, आणि तुमच्या बॅगेत थर्मल, लोकरी मोजे, हातमोजे. अर्जेंटिनातल्या देशांतर्गत विमानांत स्वस्त तिकिटावर बऱ्याचदा 15 किलोचीच मुभा असते. म्हणून सुती कपडे, चपला, परतीचे कपडे एका लहान बॅगेत भरून हॉटेलात ठेवून जा. परतीचं बुकिंग दाखवलं की बहुतेक हॉटेलं आनंदाने ठेवून घेतात. तरी आधी ईमेलवर विचारून ठेवलेलं बरं.

बिल परदेशी कार्डाने भरा आणि पासपोर्ट दाखवा. परदेशी पाहुण्यांना राहण्याच्या खर्चावरचा 21 टक्के कर माफ आहे. काउंटरवर कुणी विसरलं तर आठवण करून द्या. रोख म्हणून थोडे डॉलर न्या, पण नोटा कोऱ्या. घडी पडलेली, शाई लागलेली नोट हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि परत करतात.

आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे चालत नाही. दोन गोल पिनांचा किंवा ऑस्ट्रेलियासारखा तिरप्या पिनांचा लागतो. गोल पिनांचा बहुतेक जहाजांवरही चालतो, म्हणून तोच घ्या.

4. उशुआयातल्या दोन रात्री

हे गाव डोंगरउतारावर वसलंय. खाली बीगल चॅनलच्या काठाने माइपू रस्ता, त्याच्या वर समांतर सान मार्तीन हा बाजारपेठेचा रस्ता, आणि त्याहून वर गेलं की चढ. डोंगरावरची हॉटेलं देखणी आहेत, खिडकीतून अख्खी खाडी दिसते, पण प्रत्येक वेळी टॅक्सी. दोन रात्रींसाठी सान मार्तीनच्या आसपास राहा. धक्का तिथून चालत गाठता येतो. डिसेंबरात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आतच उगवतो, तेव्हा जाड पडद्यांची खोली मागून घ्या किंवा डोळ्यांवरची पट्टी न्या.

पहिली दुपार खरेदीची. जाड जॅकेट पुष्कळ कंपन्या देतात, होडीतून किनाऱ्यावर उतरतानाचे गमबूटही देतात. पण वॉटरप्रूफ पँट तुमची तुम्हालाच आणावी लागते. गावात ती भाड्यानेही मिळते. मुंबईत रेनकोटची पँट घेतली आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रबरी होडीवर लाटेचे शिंतोडे बसले की ती शिवणीतून झिरपते.

त्याच संध्याकाळी एक काम उरका, ज्याला जहाजावर नाही तरी सामोरं जावंच लागतं. किनाऱ्यावर नेण्याचे सगळे कपडे आणि बॅगा खिशांसकट साफ करा. बाहेरचं बी-बियाणं अंटार्क्टिकात जाऊ नये म्हणून जहाजावर प्रत्येकाचं सामान तपासतात आणि व्हॅक्यूम क्लीनरने झाडून घेतात. ही नुसती कवायत नाही: पोआ ॲन्युआ नावाचं साधं गवत माणसांबरोबर तिथे पोचलं आणि किंग जॉर्ज बेटावर रुजलंही. आपल्या बाबतीत खिशाच्या कोपऱ्यातली बडीशेप, लाडवातला तीळ आणि बॅगेच्या वेल्क्रोत अडकलेलं सिंहगडावरचं कुसळ हे खरे गुन्हेगार. वेल्क्रो सुईने किंवा चिमट्याने कोरून काढा. ब्रशने ते निघत नाही.

दुसऱ्या दिवशी काय बघावं? बीगल चॅनलची बोटसफर वगळा, तुमचं जहाज त्याच खाडीतून जाणार आहे. पेंग्विन बघायला मार्तीयो बेटावर जाणंही बहुतेकांनी वगळलं तरी चालेल. मात्र तिथले मॅगेलॅनिक पेंग्विन अंटार्क्टिकात दिसत नाहीत, तेव्हा पक्षीवेड्यांनी जावं. बाकीच्यांनी गावापासून बाराएक किलोमीटरवरच्या तिएरा देल फुएगो राष्ट्रीय उद्यानात अर्धा दिवस काढावा. लापाताइआच्या खाडीपाशी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 संपतो. ब्युनोस आयर्सपासून 3,079 किलोमीटर, अशी पाटी आहे. फोटो काढायची इच्छा आवरणार नाही, आणि आवरूही नये.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण इथे फसगत होते. गावाची ख्याती कोकराच्या भाजलेल्या मांसाची आणि सेंतोया नावाच्या मोठ्या खेकड्याची. पण इटलीतून आलेल्या लोकांचा देश आहे, पिझ्झा-पास्ता कोपऱ्याकोपऱ्यावर. कांदा-चीजची फुगासेता, मक्याची उमिता भरलेली एम्पनादा (आपल्या करंजीची थोरली बहीण), वांग्याची मिलानेसा, तव्यावर भाजलेलं प्रोवोलेता चीज, एवढ्यावर दोन दिवस मजेत जातात. सकाळच्या मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीसारखे ब्रेडचे तुकडे, दोन प्रकारचे असतात: "दे मान्तेका" लोण्यातले, जाडसर, गोड, "दे ग्रासा" पातळ, खारट, आणि ते प्राण्याच्या चरबीतले, बहुधा गाईच्या. बेकरीत बोट दाखवण्याआधी विचारा. रात्रीच्या जेवणासाठी हॉटेलं बहुधा आठशिवाय उघडत नाहीत. घरचा फराळ उशुआयातच संपवा, किनाऱ्यावर खाद्यपदार्थ न्यायला बंदी आहे. ताजी फळं, बिया, दूधदुभतं तर देशात येतानाच अडवतात.

5. जहाजाचा दिवस

हॉटेल दहा-अकराला सोडावं लागतं आणि जहाजावर साधारण दुपारी तीन-चारनंतर घेतात. बऱ्याच कंपन्या सकाळीच मोठ्या बॅगा हॉटेलातून उचलतात. पासपोर्ट, औषधं, चष्मा, कॅमेरा मात्र हातात ठेवा. मधले तास जुन्या तुरुंगात घालवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैद्यांनीच बांधलेला आणि 1947 मध्ये बंद झालेला हा तुरुंग आता संग्रहालय आहे, आणि त्यात अंटार्क्टिक मोहिमांचंही दालन आहे. जाता जाता: भारताच्या सरकारी मोहिमा या बाजूने जात नाहीत. 1981 ची पहिली मोहीम गोव्याहून निघाली होती, आज त्यांचं काम वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं आणि शास्त्रज्ञ केपटाउनमार्गे जातात.

दुपारचं जेवण हलकं ठेवा. बीगल चॅनल शांत असतो, पण मध्यरात्रीनंतर ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळता समुद्र, सुरू होतो. मळमळीची गोळी कधी घ्यायची, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. पोट ढवळायला लागल्यावर ती फारशी उपयोगाची नसते.

6. उतरल्यावर

परतीला जहाज बहुधा पहाटे धक्क्याला लागतं आणि सकाळी आठ-नऊपर्यंत सगळ्यांना उतरवतात. विमानतळ गावाला लागूनच आहे, तरी दुपारी बाराच्या आतलं विमान घेऊ नका. ब्युनोस आयर्सहून मायदेशी येणारं विमान त्याच दिवशी तर अजिबात नको. ड्रेकमध्ये हवामान बिघडलं तर जहाजालाही उशीर होतो.

ब्युनोस आयर्सला किमान दोन रात्री ठेवा. पहिल्या दिवशी जमीन हलतेय असं वाटेल; न्हाणीघरात भिंत धरावी लागेल. दिवस-दोन दिवसांत जातं. कपडे लाँड्रीत टाका, ओले मोजे बॅगेत कोंबून मुंबईला नेऊ नका.

फिरण्यात वाराचं भान ठेवा. सान तेल्मोचा रस्त्यावरचा बाजार रविवारी. ललितकला संग्रहालय सोमवारी बंद, मालबा हे लॅटिन अमेरिकन कलेचं संग्रहालय मंगळवारी. गुरुवारी दुपारी प्लासा दे मायो या चौकात, लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांसाठी 1977 पासून फेरी घालणाऱ्या मातांचे डोक्यावरचे पांढरे रुमाल दिसतात. तिथे कॅमेरा जरा खाली ठेवून उभं राहावं. एल आतेनेओ हे जुन्या नाट्यगृहातलं पुस्तकांचं दुकान रोज उघडं, आणि स्पॅनिश येत नसलं तरी तासभर सहज जातो. वेळ असेल तर रेतिरो स्थानकावरून लोकलने सान इसिद्रोला जा: 1924 च्या अखेरीस आजारी रवींद्रनाथ ठाकूर अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंचे पाहुणे म्हणून सुमारे दोन महिने याच उपनगरात राहिले होते. फोन हातात उघडा धरून फुटपाथच्या कडेने चालू नका, मोटरसायकलवरून येऊन हिसकावतात.

आर्क्टिकला जात असाल तर

स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटांच्या क्रूझलाही हाच हिशेब लागू: आधीची रात्र तिथल्या लाँगयरब्येन गावी, नंतरच्या ऑस्लोत. फरक व्हिसाचा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, नाही, त्यामुळे ऑस्लोहून तिकडे जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं. व्हिसा दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा हवा. तिथल्या हॉटेलांत दारातच बूट काढतात, तेव्हा मोजे धड असू द्या. आणि ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मोकळ्या दिवशी भटकायचं असेल तर त्याची सफर आधीच बुक करा.