जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये डिझेल इंजिन टाकायची तयारी (व्हॅक्यूम पंप! व्हॅक्यूम पंप!)

हे काम एकदा करून तोंडावर आपटलोय म्हणून लिहितोय. इंजिन बसलं, दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला चालू पण झालं, शेडसमोर चार वेळा मागेपुढे केली आणि मी लय खूश. मग पहिल्यांदा उतारावर घातली, ब्रेक दाबला तर पेडल दगड. दोन्ही पाय देऊन जवळपास उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी कशीबशी थांबली. ब्रेकमध्ये काहीच बिघाड नव्हता. बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा डबा) व्हॅक्यूमच, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, नव्हता, कारण व्हॅक्यूम पंप हा प्रकार माझ्या यादीतच नव्हता.

पाने, जॅक, स्टँड याची यादी करत बसत नाही, ते नसेल तर हे काम हातातच घेऊ नका. फक्त चेनपुली किती वजन उचलणारी आहे ते बघा. कमिन्सचं ४बीटी दिसायला छोटं, ३.९ लिटर, चारच सिलिंडर, पण साडेतीनशे किलोच्या आसपास जातं, आणि ५.९ लिटरचं सहा सिलिंडरवालं जवळजवळ अर्धा टन. म्हणजे पुढचे पाटे, शॉकअप, माउंटिंगचे ब्रॅकेट सगळं त्या हिशोबाने. जुनी रबरं परत वापरू नका, डिझेलचा थरथराट ती महिनाभरात खातात.

इंजिन बघायला जाल तेव्हा आधी हात लावून बघा, गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, थंड स्टार्ट त्याला दाखवायचा नाहीये. परत या. चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, भकाभक धूर येत असेल तर घरी जा. आणि ते इंजिन आधी कशावर होतं हे नक्की विचारा. माझं जनरेटरवरचं होतं, कमी चाललेलं, स्वच्छ, त्यामुळे मी भाळलो. पण जनरेटरला ब्रेक नसतात हो! त्यावर व्हॅक्यूम पंप कशाला असेल? एअर ब्रेकवाल्या मोठ्या गाडीतून काढलेलं असेल तर त्यावर हवेचा कॉम्प्रेसर असेल, तोही तुमच्या बूस्टरच्या काही कामाचा नाही. शिवाय जनरेटरचा डिझेल पंप १५०० किंवा १८०० आरपीएमला बांधलेला असतो, त्याचा गव्हर्नर (आरपीएम धरून ठेवणारा भाग) बदलावा लागतो, तो खर्च वेगळा.

आता हे नीट वाचा. पेट्रोल इंजिनला थ्रॉटलची झडप असते, ती बंद झाली की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि बूस्टर त्यावरच चालतो, फुकटात. साध्या डिझेलला ती झडपच नसते, हवा मोकळी आत येते. जुना पाईप डिझेलच्या मॅनिफोल्डला जोडून काही मिळत नाही, टर्बो असेल तर उलटा दाबच येतो. आणि तीच झडप नसल्यामुळे पाय काढल्यावर पेट्रोलसारखं इंजिन गाडीला धरून पण ठेवत नाही. म्हणजे वजन वाढलं, इंजिनचा आधार कमी झाला, बूस्टर मेला, तिन्ही एकदमच. शेडसमोर चालण्याच्या वेगात हे कळत नाही, मला पण नाही कळलं.

उपाय तीन. गिअरवर चालणारा किंवा अल्टरनेटरच्या मागे बसलेला पंप, इलेक्ट्रिक पंप, नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या तेलावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर. इलेक्ट्रिक सोपा, पण तो बंद पडला तर कळायला दिवा किंवा गेज हवाच. मी अल्टरनेटरवाला लावला. त्याला ऑइलची लाईन जाते आणि ते ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) पडायला जाड रिटर्न पाईप लागतो, आणि त्या रिटर्नसाठी चेंबरला भोक पाडून नट वेल्ड करावा लागतो. हे इंजिन जमिनीवर असतानाच करा! मी इंजिन गाडीत बसवून झाल्यावर केलं, खाली अ‍ॅक्सल आडवा, चेंबर निघेना, शेवटी इंजिन परत उचललं. म्हणून व्हॅक्यूम पंप आधी, बाकी सगळं नंतर.

बाकीचं म्हणजे मापं. चेंबर आणि अ‍ॅक्सलमध्ये अंतर, पाटे पूर्ण दबल्यावरचं, उभ्या गाडीचं नाही. बोनेट, रेडिएटर आणि पंख्यातलं अंतर, टर्बोचा सायलेन्सर पाईप ब्रेकच्या पाईपजवळून जातोय का. बेल हाउसिंगची अ‍ॅडॅप्टर प्लेट विकतची असली तरी डायल गेज लावून सेंटर बघा, ०.१ मिमीच्या आसपासचाच फरक चालतो, त्यापुढे क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग रडणार. गिअरबॉक्स तेवढा टॉर्क झेलेल का हेही आधीच.

क्राउन-पिनियन, म्हणजे चालत्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, लोक विसरतात. माझ्या गाडीला ४.८८ होतं, ३१ इंची टायरवर ८० च्या स्पीडला टॉपमध्ये साधारण २६०० आरपीएम होतात. पेट्रोलला काहीच नाही, पण जुन्या डिझेलचा जीवच २५०० च्या आसपास संपतो. ३.५४ टाकलं की तेच १९०० वर येतं. इंजिन घ्यायच्या आधी हा गुणाकार करा.

डिझेलला रिटर्न लाईन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) लागते, जुन्या कार्ब्युरेटरच्या टाकीला बऱ्याचदा ती नसते. टाकी काढून धुवा, उरलेलं पेट्रोल पंपाचं वंगण घालवतं आणि गंज नोझल खातो. पाणी वेगळं करणारा फिल्टर घाला, वाद नको.

वायरिंग, थोडक्यात. मोठी बॅटरी, जाड केबल, इंजिन ते चेसिस जाड अर्थ. आरपीएम मीटर कॉइलवरून चालायचा, आता कॉइलच नाही, अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्या. चावी काढली म्हणून डिझेल बंद होत नाही, डिझेल तोडणारा सोलेनॉइड किंवा ओढायची केबल हवी. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पेडल, चावी, पूर्ण हार्नेस त्याच गाडीचं घ्या, नाहीतर राहू द्या.

पहिला स्टार्ट: ऑइल, पाणी, डिझेलची एअर काढा, जवळ इन्टेक झाकायला जाड फळी ठेवा, इंजिन पळालं, म्हणजे आरपीएम आपोआप चढत गेले आणि बंद होईना, तर हाताने झाकू नका. गळती बघा. झालं.

आणि रस्त्यावर न्यायच्या आधी, कितीही घाई असली तरी: इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल, तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर चावी काढा आणि व्हॅक्यूम पंपाकडे जा.