बर्फातून तंबूकडे परत येताना या चुका टाळा

दर डिसेंबरात मी पुण्याहून उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर माणसं घेऊन जातो. पायथ्याच्या सांक्री गावात पोचेपर्यंत निदान चौघांनी तरी ऐकवलेलं असतं, "काका, आम्ही दर रविवारी सिंहगड करतो." बरं. सिंहगडाचा दम 12,500 फुटांवर थोडाफार कामी येतो, पण बर्फात पाय कसा टाकायचा ते सिंहगड शिकवत नाही. शिवाय चढताना सगळे शहाणे असतात. घोळ होतो तो शिखर झाल्यावर, परतीच्या वाटेवर.

सुती कपडे. यादीत दोनदा लिहितो, तरी कुणीतरी जीन्स आणि सुती बनियन घालून हजर. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब पळवतं. निघताना मला थोडी थंडी वाजलीच पाहिजे, ही माझी सवय. दहा मिनिटांत अंग तापतं. जाडं जाकीट चढवून निघणारा आतूनच भिजतो.

आणि शॉर्टकट! दोन वर्षांपूर्वी हिंजवडीचा एक गडी होता. दुपारची वेळ, वाट वळसे घेत उतरणारी, खाली तंबू दिसताहेत. "सरळ उतरलो तर दहा मिनिटं वाचतील." नको म्हणालो, मागच्यांकडे वळलो, तोवर हा झाडांत घुसलेला. मळलेल्या वाटेवरचा बर्फ पायांनी दाबून घट्ट होतो, बाजूचा दुपारच्या उन्हात मऊ पडतो. त्यात झाडाच्या बुंध्याशी, फांद्यांखाली तो पोकळच असतो. हा नेमका तिथे कमरेपर्यंत आत. हात टेकले, तेही आत. दोघांनी मिळून उकरून काढलं, मग आत राहिलेला बूट शोधला. पाऊण तास गेला. तंबूत आला तेव्हा त्याची जीन्स खळ घातल्यासारखी ताठ झाली होती.

मऊ उतारावर टाच आधी रोवा, कडक बर्फावर बुटांना स्पाइक्स लावा आणि पावलं आखूड टाका. घसरून झाल्यावर सॅकमधून स्पाइक्स काढणाऱ्यांशी मी बोलत नाही.

तिथे पुण्यापेक्षा साधारण पाऊण तास आधी सूर्य मावळतो, म्हणून फोटो वेळेत आवरा. ढग असले तरी गॉगल हवाच. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका. बधिर बोटं बर्फाने चोळू नका, काखेत धरा. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी मान टाकते. मोजे भिजू नयेत म्हणून त्यांवर दुधाच्या पिशव्या चढवायची युक्ती मला माहीत आहे. घामाने पाय तसेही भिजतात.

लोकरी मोज्यांचा एक कोरडा जोड मात्र सॅकच्या तळाशी ठेवायचा. तंबूत शिरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही आणि कुणाला उसनाही द्यायचा नाही. त्या हिंजवडीवाल्याला मी दिला होता. अजून परत आलेला नाही.