जुन्या पोथीतली 'प्लिका' आणि आपली जट

जुन्या युरोपीय वैद्यकग्रंथात 'प्लिका पोलोनिका' दिसलं, की मराठीत 'जट' वाचावं. प्लिका म्हणजे लॅटिनमध्ये घडी, पोलोनिका म्हणजे पोलंडची. शरीरातला रोग जटेवाटे बाहेर पडतो, ती अवेळी कापली तर आंधळेपण किंवा वेड येतं, अशी तिथे समजूत होती. म्हणून ती राखली जाई. 19व्या शतकाच्या मध्यात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी हा रोग नसून केसांची हेळसांड आहे, असं ठामपणे मांडलं. आपल्याकडे जट कापली तर देवीचा कोप होतो असं मानतात, एवढाच फरक.

लिहिताना पूर्ण नाव द्यावं. नुसतं 'प्लिका' लिहिलं तर गुडघ्याच्या सांध्यातल्या पडद्याची घडीही तोच शब्द सांगतो. याच जटेचं दुसरं जुनं नाव 'ट्रायकोमा'. ते 'ट्रॅकोमा' वाचू नये, तो डोळ्यांचा रोग, खुपऱ्या. पेशंटच्या कागदावर आज 'पोलोनिका'ची गरज नाही, 'केसांची जट' पुरे. मात्र 'जट आली' असं लिहू नये. 'आली' म्हटलं की कुणीतरी पाठवली असं होतं, आणि बाईची भीती तिथेच पक्की होते. 'जट झाली' म्हणावं.

ती होते कशी? केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. न विंचरलेले लांब केस डोक्यावर गोळा करून साबणाने गोल गोल चोळले, की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा (दाबून केलेलं जाड कापड) व्हावा तसा केसांचा गठ्ठा होतो. उवा, खरजेचा स्राव, चिकट तेल आणि धूळ यांनी तो आणखी आवळतो.

गुंता ताजा असेल तर खोबरेल भरपूर मुरवावं आणि विणकामाच्या सुईने टोकाकडून वर एकेक बट सोडवावी. मुळाकडून फणी ओढली तर गाठ खाली सरकून घट्टच होते. दाबल्यावर लाकडासारखी कडक लागणारी जट मात्र सुटत नाही, ती कापावीच लागते. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, त्यामुळे जुन्या जटेखाली बहुधा मोकळ्या केसांची पट्टी असते. ती बोटाने चाचपावी, बोट टाळू आणि कात्री यांच्यामध्ये ठेवावं, बोथट टोकाच्या कात्रीने थोडं थोडं कापावं. जट वर ओढून कापू नये. टाळूची कातडी उचलली जाते आणि कात्रीत येते. खाली जखम किंवा पू दिसला तर आधी डॉक्टर.

बाईची संमती नसेल तर कात्री उचलू नये. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आधी घरच्यांशी बोलतात, मग जट काढतात. नंतर केस धुताना पाणी वरून खाली सोडावं, केस डोक्यावर गोळा करू नयेत, आणि वाळल्यावर रोज टोकापासून विंचरावं.