गुरबाणीचा शुद्ध पाठ: शेवटच्या ऱ्हस्व मात्रेचे काय करायचे?

गुरबाणीच्या, म्हणजे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमधल्या वाणीच्या, आरंभीच्या मूलमंत्रातले ‘सति नामु’ हे शब्द मराठी माणूस पहिल्यांदा वाचतो तेव्हा हमखास ‘सती नामू’ म्हणतो. नांदेडला मीही तसेच म्हणालो होतो. समोर बसलेल्या ग्यानीजींनी, म्हणजे गुरबाणी शिकवणाऱ्या जाणकारांनी, हातातला गुटका (नित्यपाठाची छोटी पोथी) अलगद मिटला आणि एवढेच सांगितले, “वीरजी, सत नाम.” त्या दोन शब्दांतून सुटायला मला कित्येक आठवडे लागले, म्हणून या लेखातला बराचसा भाग त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

डोके झाकणे, हात धुणे, शांत जागा निवडणे हे गृहीत धरतो. पहिले काम म्हणजे गुरुमुखी लिपीची पैंती, अर्थात ३५ अक्षरे, आणि लगा-मात्रा, म्हणजे स्वरचिन्हे, शिकणे. देवनागरी येणाऱ्याला हे फारसे जड जात नाही. देवनागरीत छापलेले गुटके मिळतात आणि त्यांत मात्राही जशाच्या तशा असतात, पण अक्षर ओळखीचे दिसले की जीभ मराठी वळणावर जाते, म्हणून मी ते नवशिक्याच्या हाती देत नाही. रोमन लिपीच्या वाटेला तर जाऊच नये.

आता अवघड टप्पा. गुरबाणीत शब्दाच्या शेवटी येणारी ऱ्हस्व मात्रा, म्हणजे सिहारी (इकार) किंवा औंकड (उकार), सहसा उच्चारली जात नाही. आपल्याला हे दुहेरी नडते. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घच, त्यामुळे ‘हरि’ लिहिलेले दिसले तरी तोंडातून ‘हरी’ निघते. गुरबाणीत मात्र तोच शब्द ‘हर’ असा म्हटला जातो. शिवाय ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण होते, त्यांना ‘अर्जुनु’ असे उकारासकट म्हणायची लहानपणापासूनची सवय असते.

मग ही मात्रा लिहिली कशासाठी? ती व्याकरण सांगते. औंकड बहुधा पुल्लिंगी एकवचन दाखवतो, तर सिहारी पुष्कळदा ‘मध्ये’ किंवा ‘ने’ हा अर्थ देते. आपल्या ‘घरी’, ‘दारी’तला ईकार करतो तेच काम. जपुजी या ग्रंथारंभीच्या रचनेतल्या पहिल्या पौडीची, म्हणजे कडव्याची, शेवटची ओळ ‘हुकमि रजाई चलणा नानक लिखिआ नालि’ अशी आहे आणि दुसरी पौडी ‘हुकमी होवनि आकार हुकमु न कहिआ जाई’ अशी सुरू होते. ‘हुकमि’ म्हणजे हुकमात आणि ‘हुकमु’ म्हणजे हुकूम हा कर्ता, पण कानाला दोन्ही ‘हुकम’च ऐकू आले पाहिजेत, ‘हुकमी’तला ईकार दीर्घ असल्यामुळे तो मात्र पुरा म्हणायचा. त्याच पहिल्या ओळीतले मात्राहीन ‘नानक’ हे संबोधन आहे, तर अठराव्या पौडीतल्या ‘नानकु नीचु कहै वीचारु’मधला ‘नानकु’ हा कर्ता आहे. ही ओळ वाचायची मात्र ‘नानक नीच कहै वीचार’ अशीच.

येथे दोन वाईट सल्ले मिळतात. ‘जसे लिहिले तसे वाचा’ हा पहिला, आणि तो देणाऱ्याने संथ्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या मागून म्हणण्याची तालीम, घेतलेली नसते हे खुशाल समजावे. ‘शेवटचे ऱ्हस्व सरसकट गिळा’ हा दुसरा सल्ला अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे. मी तो प्रामाणिकपणे पाळला आणि ‘निरभउ’चे ‘निरभ’ करून बसलो. ‘निरभउ’, ‘नाउ’, ‘होइ’ यांच्या शेवटी व्यंजनाला लागलेली मात्रा नसून स्वतंत्र स्वर आहे, आणि तो म्हणावाच लागतो. एकाक्षरी शब्दांचेही तसेच आहे: जपुजीत ‘होसी भी सचु’ येते, सुखमनी साहिब या दुसऱ्या रचनेत ‘होसी भि सचु’ येते, आणि त्या ‘भि’चा ऱ्हस्व इकार गाळला तर शब्दच उरत नाही. ‘महि’सारख्या शब्दांत ‘ह’वरची सिहारी पुरती गळतही नाही, तर आधीच्या स्वराला किंचित ‘ए’कडे झुकवते, हे कागदावर शिकवता येत नाही, ते ऐकावेच लागते.

यावर माझा उपाय असा: एकेक पौडी वहीत मात्रांसह उतरवून घ्यावी, न बोलायच्या मात्रांखाली टिंब द्यावे आणि प्रत्येक टिंबापुढे तिचा अर्थ लिहावा. पेन्सिल गुटक्यावर कधीही चालवू नये.

बाकीच्या खोडी लवकर सुटतात. ‘निरवैर’मधला ‘ऐ’ आपल्या ‘अइ’सारखा नसून लांबवलेल्या ‘ॲ’च्या जवळचा आहे. ‘सैभं’चा शेवट ओठ मिटून ‘म्’ असा न करता ‘ङ्’वर करावा. ‘असंख चोर हरामखोर’ वाचताना आपल्या चोरातला दंततालव्य ‘च’ तिथे नको, ‘चहा’तला हवा. ‘वडा साहिबु’ हे ‘वड्डा साहिब’ असे म्हणावे, कारण द्वित्व दाखवणारा अधक गुरबाणीत सहसा लिहिलेला नसतो; मी ‘वडा’ म्हणालो तेव्हा शेजारच्या मुलांनी तोंडावर रुमाल धरले होते.

विश्रामाला, म्हणजे ओळीत कुठे थांबायचे त्याला, मात्र जपावे. ‘हुकमै अंदरि सभु को बाहरि हुकम न कोइ’ या ओळीत ‘सभु को’नंतर थांबले तर सगळे हुकमात आहेत, हुकमाबाहेर कोणी नाही, असा अर्थ लागतो, ‘अंदरि’पाशी थांबून ‘सभु को बाहरि’ एका श्वासात म्हटले, तर तेच सगळे बाहेर जातात.

संत नामदेवांचे ६१ शबद (पदे) गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, म्हणून पुष्कळ मराठी मंडळी तिथूनच सुरुवात करू पाहतात. मी ठामपणे नको म्हणतो: ओळखीच्या शब्दांवर कान मराठीच राहतो.

हे सारे एकट्याने होत नाही. आपल्याकडे वेदपाठशाळेत संथा घेतात, तशीच गुरुद्वाऱ्यात संथ्या घ्यावी: ग्यानीजींनी म्हणावे, आपण मागून म्हणावे, आणि घरी आपला आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वहीतल्या टिंबांशी ताडून पाहावा. न लिहिलेली अनुनासिके आणि फारसी शब्दांतला ‘श’ यांबाबत परंपरेपरंपरेत फरक आढळतो. तिथे आपल्या उस्तादांचे ऐकावे आणि संगतीत दुसऱ्याला दुरुस्त करू नये. जपुजीच्या ३८ पौड्यांची घाई नको. पहिल्या पाच बिनचूक येईपर्यंत ग्यानीजींनी मला सहावी उघडू दिली नव्हती, आणि त्या पाचांना सात आठवडे लागले.