पाईच्या मुए थाई कॅम्पला जाताय? या चुका टाळा

उत्तर थायलंडमधल्या पाई गावात मुए थाई हा थाई लढाऊ खेळ शिकायला आलेला नवखा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाद होतो. दम कमी पडतो म्हणून नव्हे, तर महिन्याभराची मेहनत दोन दिवसांत उरकायला निघालेला असतो म्हणून. सकाळचं सत्र, संध्याकाळचं सत्र, मधल्या वेळात स्कूटरवरून धबधबा, रात्री वॉकिंग स्ट्रीटवर भटकंती. मग नडगी सुजते, तळपायाचं कातडं सोलवटतं आणि पैसे भरलेले उरलेले दिवस झुल्यात पडून जातात. पाईत झुल्यांची अजिबात कमतरता नाही, हीच त्या गावाची अडचण.

म्हणून खालच्या बहुतेक चुका ठोसा कसा मारावा याबद्दलच्या नाहीत. विश्रांती, रस्ता, कागदपत्रं आणि पोट यांचा हिशोब न केल्यामुळे होणाऱ्या आहेत.

घरबसल्या महिन्याचं पॅकेज घेणं

इन्स्टाग्रामवर धुक्यातली भातशेती आणि तिच्या काठावरची रिंग दिसली की हात आपोआप पैसे भरायच्या बटणाकडे जातो. थांबा. पाईतले कॅम्प छोटे असतात. पत्र्याची उघडी शेड, खाली मॅट, एक रिंग, टांगलेल्या बॅगा. एका सत्राचे पैसे देऊन शिकता येतं. साधारण ३०० ते ५०० बाट धरून चाला. पहिले दोन-तीन दिवस असेच सुटे पैसे द्या, जमलं तर दोन वेगळ्या ठिकाणी जा आणि मग आठवड्याचं किंवा महिन्याचं ठरवा.

बघायचं काय, तर एका ख्रूमागे, म्हणजे शिक्षकामागे, विद्यार्थी किती आहेत. तो नुसते पॅड धरून ‘गुड, गुड’ म्हणतो की तुमचा मागचा पाय वळत नाही हे थांबवून दाखवतो? नवख्याला आधी उभं राहायला शिकवतात की सरळ बॅगेवर सोडून देतात? आणि सत्र संपल्यावर गावातली पोरं तिथे सराव करताना दिसतात का? माझ्या मते शेवटची खूण सगळ्यात भरवशाची.

अपेक्षाही ताडून घ्या. मोठ्या स्टेडियममध्ये लढणारे मल्ल घडवणारे नावाजलेले कॅम्प प्रामुख्याने बँकॉक आणि आसपास आहेत. पाईत बाजूला घाम गाळणारी मंडळी बहुतांशी तुमच्यासारखे प्रवासीच असतात. पाया शिकायला, वजन उतरवायला, पुन्हा व्यायामाला लागायला गाव उत्तम आहे. सामन्यांची कारकीर्द करायची असेल तर पत्ता चुकलाय.

सुट्टी बघून महिना निवडणं

आपल्याकडे परीक्षा संपल्या की तिकिटं बघायची सवय. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडमध्ये शेतातले अवशेष आणि जंगलातला पाला जळत असतो. पाई चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे, त्यामुळे धूर तिथेच साचून राहतो. मार्चमध्ये जवळचं चियांग माई शहर जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत अनेकदा वर असतं. अशा हवेत पहाटे पळायचं म्हणजे फुप्फुसांवर सूड उगवणं. तरीही त्याच काळात जावं लागलं, तर फोनवर हवेचा निर्देशांक बघत जा. १५० च्या वर असेल त्या दिवशी धावणं बंद. घसा खवखवतोय, छातीत जड वाटतंय, साध्या सत्रातही दम लागतोय, तर मेहनत वाढवून ते सुटणार नाही. गाव सोडून दक्षिणेकडे जाणं हाच इलाज. त्यात १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. तेव्हा कॅम्प बंद असण्याची तयारी ठेवा.

जून ते ऑक्टोबर पाऊस. शेडखाली सराव चालतो, पण ग्लव्हज वाळत नाहीत आणि डास फार. दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, सर्वांत चांगले. फक्त रात्री आणि पहाटे खरोखर थंडी पडते, पारा कधी १० अंशांजवळ जातो. थायलंड म्हणून नुसत्या बनियनवर जाणाऱ्यांची सकाळच्या सत्रात पोटरी धरते. स्वेटर न्या आणि अंग तापवायला दुप्पट वेळ द्या.

७६२ वळणं घेऊन त्याच दुपारी सरावाला उभं राहणं

चियांग माईहून पाईला १०९५ क्रमांकाच्या रस्त्याने व्हॅन साधारण ३ तासांत पोहोचते. या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत, आणि गावात ते आकडे छापलेले टी-शर्टही विकतात. गाडी लागणाऱ्याने पुढची जागा मागून घ्यावी आणि पोट हलकं ठेवावं. ॲव्होमिन घेणार असाल तर एवढं लक्षात घ्या की ती गोळी दिवसभर गुंगी ठेवते. तशा अवस्थेत पॅडवर उभं राहण्यात काही शहाणपणा नाही. पोहोचलात तो दिवस जेवणाचा आणि झोपेचा.

पहिला आठवडा

इथे सावकाश वाचा, कारण बहुतेक जण इथेच मोडतात.

कॅम्पचा साचा ठरलेला असतो: सकाळी आठच्या सुमाराला एक सत्र, दुपारी तीन-चारला दुसरं, प्रत्येक दीड-दोन तासांचं, रविवारी सुट्टी. दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग, बॅग, पॅड, क्लिंच (एकमेकांना धरून झुंजणं) आणि शेवटी पोटाचे व्यायाम. मुंबई-पुण्यात आठवड्यातून तीनदा जिमला जाणाऱ्यालाही हे नवीन असतं, कारण नडगी, कोपर आणि मान यांनी असं काम पूर्वी केलेलं नसतं. पहिले तीन दिवस एकच सत्र करा, चौथा दिवस मोकळा ठेवा आणि मग एक दिवसाआड दोन सत्रं. ख्रू हसतील, बाकीचे चिडवतील. चिडवू द्या.

नडगी दुखणं दोन प्रकारचं असतं. बॅगेवर आपटून आलेला निळसर, पसरलेला ठणका चार-पाच दिवसांत उतरतो. बर्फ लावा आणि त्या पायाने हळू मारा. पण एका बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची, किक आणि धावणं दोन्ही थांबवायचं आणि एक्स-रे काढायचा. नडगीवर बाटली लाटून ती ‘कणखर’ करण्याचा जो सल्ला यूट्यूबवर मिळतो तो विसरा. नडगी वर्षानुवर्षं बॅगेवर मारून तयार होते, बाटलीने फक्त सूज वाढते.

पावलाचा वरचा भाग सुजला असेल, तर तुम्ही नडगीऐवजी पावलाने मारताय. अंतर चुकतंय, अर्धं पाऊल पुढे या. मनगट दुखतंय, तर ठोसा बसताना मूठ वाकतेय किंवा पट्टी सैल आहे. मोठ्या हाताला साडेचार मीटरची पट्टी लागते आणि तिचे दोन-तीन वेढे मनगटालाच द्यायचे असतात. लोक सगळी पट्टी बोटांवर संपवतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येत असेल, तर किक मारताना टेकलेला पाय वळत नाहीये. टाचेवर भार राहतो आणि पीळ गुडघ्यात जातो. चवड्यावर येऊन टाच पुढे फिरवा.

चवड्याचं कातडं सोलवटणं जवळजवळ सगळ्यांना होतं. सत्राआधी त्या जागी चिकटपट्टी लावा, रात्री जखम धुऊन कोरडी ठेवा. ती उघडी जखम घेऊन धबधब्यात किंवा गरम पाण्याच्या झऱ्यात उतरू नका, ही अक्षरशः हात जोडून विनंती. जखमेभोवती लाली पसरतेय, जागा गरम लागतेय, पू झालाय, तर फोडायचं नाही, दवाखाना गाठायचा. असा संसर्ग मॅटवरून आणि सामाईक ग्लव्हजमधूनही पसरतो. म्हणून ग्लव्हज स्वतःचे घ्या आणि सत्र संपल्यावर आधी अंघोळ, मग फोटो.

आता दोन गंभीर गोष्टी. पहिल्या दिवशी शेकडो किक मारल्यावर अंग दुखणारच. पण स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर ते साधं अंगदुखणं नव्हे. स्नायू तुटून त्यातले घटक मूत्रपिंडावर भार टाकत असतात. लगेच रुग्णालय. उद्यावर ढकलायचं नाही. दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन खात राहायची कॅम्पमध्ये प्रथाच आहे. मात्र ताप आला, डोळ्यांमागे दुखायला लागलं, तर ते डेंग्यू असू शकतं, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापात फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घ्यायचं. पाईत रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारांसाठी तीच सगळी वळणं घेऊन चियांग माईला जावं लागतं.

स्पारिंगला भांडण समजणं

थाई लढवय्ये वारंवार सामने खेळतात, त्यामुळे सरावात एकमेकांना जायबंदी करणं त्यांना परवडत नाही. त्यांचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, हलकं, खेळकर असतं. ठोसा बसला तर दोघंही हसतात. प्रवासी मात्र पूर्ण ताकदीने मारतो. मग समोरचा ख्रू एक किक अशी देतो की मांडी दोन दिवस वाकत नाही. तो राग नसतो, पातळी दाखवून दिलेली असते. तुम्हाला वारंवार जोरात मार बसत असेल तर आधी स्वतःचा जोर तपासा. समोरचा दुसरा प्रवासीच असेल आणि ऐकत नसेल, तर सरळ ख्रूंना सांगा आणि जोडीदार बदलून घ्या. डोक्याला लागल्यावर डोकं दुखणं, मळमळ, अंधारी यांपैकी काहीही झालं तर त्या दिवसाचाच नव्हे, त्या आठवड्याचाही सराव संपला असं समजून डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवडे झाले की ‘एक सामना खेळूनच जातो’ अशी हौस येते. चियांग माईच्या स्टेडियममध्ये परदेशी नवख्यांना सामने मिळतात, हे खरं. सामना मागायचा असतो ख्रूंनी, तुम्ही नाही. ते टाळाटाळ करत असतील तर ते उत्तरच आहे.

रिंगच्या रीतीभाती

मॅटवर चपला नाहीत. ग्लव्हज, पॅड किंवा बसलेल्या माणसाच्या पायांवरून ओलांडून जायचं नाही. ख्रूंना वाय करायचा, म्हणजे हात जोडून मान झुकवायची. मराठी माणसाला हे शिकवायला नको, आखाड्याच्या मातीला हात लावून कपाळाला लावणारेच आपण. सामन्याआधी वाय ख्रू राम मुए हे गुरुवंदनेचं नृत्य असतं, तेव्हा डोक्यावर मोंगखोन, म्हणजे पवित्र मानलेला शिरोबंध, घालतात. तो भिंतीवर टांगलेला दिसला म्हणून सेल्फीसाठी डोक्यावर चढवू नका. स्त्रियांनी रिंगमध्ये सर्वांत खालच्या दोराखालून जायचं, ही जुनी प्रथा काही कॅम्प अजून पाळतात. मला ती पटत नाही. बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियमनेही २०२१ मध्ये स्त्रियांचे सामने सुरू केले. पण पहिल्याच दिवशी विचारून घेतलेलं बरं. पटत नसेल तर ही प्रथा नसलेला कॅम्प निवडता येतो.

शाकाहारी माणसाचं प्रोटीन

नुसतं ‘व्हेज’ म्हटल्यावर भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, पडतोच. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही तो असतो, वर सुकी कोळंबी. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा रस नको, एवढं पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान दिसलं की निश्चिंत व्हा. तिथे मांस-मासे-अंडी नसतात, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते. दूधही नसतं, हे मात्र ध्यानात असू द्या. तिसऱ्या दिवसापासून पाय शिशासारखे जड वाटत असतील तर बहुधा नुसत्या भातावर चाललंय. टोफू, सोयादूध, चालत असतील तर अंडी, आणि घरून शेंगदाण्याचे लाडू. नळाचं पाणी पिऊ नका. रस्त्यावरच्या यंत्रातून बाटली भरा आणि ओआरएसची पाकिटं भारतातूनच न्या.

स्कूटर आणि विमा

पाईत गुडघ्याला बँडेज बांधून फिरणारे बहुतेक लोक रिंगमध्ये पडलेले नसतात, स्कूटरवरून पडलेले असतात. थकलेले पाय, अनोळखी वळणं, ओला रस्ता. भारतातल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या: फॉर्म ४ ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यात दुचाकीचा प्रवर्ग नोंदलेला आहे ना, ते बघा. परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. आणि विम्याची अपवादांची यादी वाचाच, कारण अनेक पॉलिसींमध्ये लढाऊ खेळांतल्या दुखापती वगळलेल्या असतात. ‘मुए थाई प्रशिक्षणाला संरक्षण आहे का’ हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कागदपत्रं

जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळाला, पण हे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या घडीचा नियम वाचा. लांब मुक्कामासाठी त्याच महिन्यात डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू झाला आणि मुए थाई शिकणं त्यात बसतं. मात्र खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात आणि कॅम्पचं पत्र लागतं. प्रत्येक कॅम्प असं पत्र देऊ शकत नाही, म्हणून फी भरण्याआधी विचारा. १ मे २०२५ पासून प्रवेशासाठी डिजिटल आगमन कार्डही भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर बंद करा. आणि पाईत गांजाची दुकानं दिसतात म्हणून ‘आठवण’ बॅगेत टाकून आणू नका. मुंबई विमानतळावर थाई मुक्कामाची सबब ऐकून घेणारं कोणी नसतं.

परतीच्या दिवशी सकाळचं सत्र करून, दुपारची व्हॅन पकडून, संध्याकाळचं विमान गाठायचा बेत आखू नका. पावसाळ्यात दरड कोसळून तो घाट अडू शकतो. एक रात्र चियांग माईत काढा आणि व्हॅनची जागा आदल्या दिवशीच राखून ठेवा, तीही पुढची.