प्रदूषित जागेवर पोकलेन येण्याआधी

मातीचे नमुने घेण्याची घाई नको. आधी जागेचा इतिहास जमवा: जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, खरेदीखतं आणि तिथे राबलेली माणसं. पिंपं कुठे पुरली, सांडपाणी कुठल्या खड्ड्यात सोडलं, हे निवृत्त कामगार बोट दाखवून सांगतात. सरकारी कागदात ते क्वचितच सापडतं. पेट्रोल पंप होता तर बेंझिन आणि शिसं, क्रोम प्लेटिंग होतं तर क्रोमियम, ड्रायक्लीनिंग होतं तर क्लोरिनयुक्त द्रावक शोधायचे. मातीबरोबर भूजल तपासा. आजूबाजूच्या घरांत जमिनीच्या फटींतून वाफा शिरतात, त्याही.

खरेदीखत शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलची हजारो टन रासायनिक कचरा पुरलेली जागा १९५३ मध्ये शाळा मंडळाला अवघ्या १ डॉलरला विकली गेली. कचऱ्याचा उल्लेख खरेदीखतात होता! तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं उठली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

जागेवर काय उभारायचं हे ठरेपर्यंत सफाईचा खर्च कुणाला विचारू नका. गोदामाखाली चालेल ती माती बालवाडीच्या अंगणात चालत नाही. म्हणून रहिवाशांची सभा आराखड्याच्या आधी. नंतरची सभा म्हणजे निव्वळ सह्या गोळा करणं. भाडेकरूंना आवर्जून बोलवा, कारण परिसराचा भाव वाढला की आधी तेच बाहेर पडतात. अहवाल समजावून सांगणारा तज्ज्ञ विकासकाच्या पैशावर जगणारा नसावा. अमेरिकेत सुपरफंड म्हणजे सर्वाधिक प्रदूषित जागांच्या सफाईची सरकारी योजना; तिच्या यादीतल्या जागांजवळच्या रहिवाशांच्या गटांना असा सल्लागार नेमायला सरकारी अनुदान मिळतं.

पद्धत निवडताना सरळ प्रश्न विचारा. माती खोदून नेणार, तर टाकणार कुठे? वरून थर घालून झाकणार, तर विष खालीच राहणार. दूषित भूजल उपसून शुद्ध करायला कधीकधी दशकं लागतात. धातू शोषणारी झाडं ऐकायला छान वाटतात, पण काम सावकाश चालतं आणि कापलेला पालाही जपूनच नष्ट करावा लागतो.

ट्रकचे रस्ते, ताडपत्री, धुळीवर पाणी मारणं, हवेची रोजची मोजणी आणि काम थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे आधीच ठरवून फलकावर लावा.

विकासक जागा विकून निघून जाऊ शकतो. झाकणाचा थर तडकला तर दुरुस्ती कोण करणार, बोअरिंगला मनाई कुठे, भूजलाची तपासणी किती वर्षं आणि त्याचे पैसे कुठल्या राखीव खात्यातून, हे सगळं पुढच्या मालकालाही बंधनकारक राहील अशा कलमासह करारात घाला.