पुष्यातला तारकागुच्छ दुर्बिणीतून पाहताना

कर्क राशीतला पुष्याचा खुला तारकागुच्छ, म्हणजे फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएच्या यादीतला एम ४४, मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्यावर अनेकांचा विरस होतो, आणि त्यात दोष बहुधा दुर्बिणीचा नसून आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, निवडीचा असतो. हा गुच्छ आकाशात सुमारे दीड अंश, म्हणजे ओळीने मांडलेल्या तीन पूर्णचंद्रांइतका पसरलेला आहे. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा साधा, प्लॉसल प्रकारचा आयपीस लावल्यास वर्धन ४८ पट होते आणि जेमतेम एक अंशाचे आकाश दिसते. तारे दिसतात, गुच्छ हरवतो. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३२ मिलिमीटरचा आयपीस लावला, तर २० पट वर्धनात अडीच अंशांचे क्षेत्र मिळते आणि गुच्छाभोवती काळ्या आकाशाची कड शिल्लक राहते. सारी गंमत त्या कडेत आहे.

पुनर्वसूतला पॉलक्स आणि मघा यांना जोडणाऱ्या रेषेवर पॉलक्सकडून निम्म्याच्या थोडे अलीकडे, किंचित दक्षिणेला, गॅमा आणि डेल्टा हे कर्केतले दोन मंद तारे शोधावेत; गुच्छ त्यांच्या लगतच पश्चिमेला आहे. शहरातून ते तारेही दिसेनासे झाले असतील, तर आधी द्विनेत्रीने तो भाग चाचपावा. चंद्र नसलेली रात्र निवडावी. पौषी पौर्णिमेला तर चंद्र पुष्याच्याच आसपास असतो, महिन्याचे नावही त्यावरूनच पडले आहे.

महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण येते. गुच्छाची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे १९.७ अंश उत्तर असल्याने पुण्या-मुंबईहून तो जवळजवळ खस्वस्तिकातून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूतून, जातो, आणि तिथे डॉब्सोनियन (फिरत्या पायावर बसवलेली, हाताने वळवायची) दुर्बीण हाताळणे जिकिरीचे होते, कारण तारा किंचित सरकला तरी अख्खा पाया फिरवावा लागतो. मार्चच्या मध्यावर तो पावणेदहाच्या सुमारास माथ्यावर येतो. म्हणून आठ वाजताच, तो पूर्वेला असताना, निरीक्षण उरकावे.

गॅलिलिओने १६१० मध्ये इथे चाळीसहून अधिक तारे असल्याचे नोंदवले. लहान दुर्बिणीतही त्याहून जास्त मोजता येतात. मधोमध ३९ कर्क हा तारा नारिंगी आणि शेजारचा ४० कर्क हा निळसर पांढरा दिसतो. रंग ओळखता येत नसेल, तर फोकस थोडा बिघडवून पाहावा.

त्यानंतर आठेक अंश दक्षिणेला एम ६७ या दुसऱ्या तारकागुच्छाकडे वळावे. तो सुमारे २७०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे एम ४४ च्या चौपटीहून दूर आहे; तिथे मात्र ८० पट वर्धन लावून, नजर किंचित बाजूला ठेवून पाहिल्यास धुरकट ठिपक्यातून बारीक तारे एकेक करून सुटे होऊ लागतात.